रुमाल टाकलेली जागा

दुसऱ्या वर्षाला होतो. गुरुवारी जेवणानंतरच्या तासाला
पागनीस मॅडमनी टेबलावर चिंचोके ओतले
आणि म्हणाल्या, आजपासून दहा बंद.
पाच झाले की पुडी बांधा,
पाच पुड्या झाल्या की पिशवी.
अंक शून्य ते चार.
पाच हा अंक अजून जन्मालाच आलेला नाही, असं समजा.

आम्ही हसलो. मी तर बी.एस्सी., गणितात डिस्टिंक्शन.
तीन, चार, एक-शून्य, एक-एक,
घोडं मस्त चाललं होतं.
चार-चारपर्यंत तोऱ्यात आले
आणि पुढे लिहिलं : चार-पाच.

"पाच कुठून आणलास, हेमांगी?"

खोडलं. पाच-शून्य लिहिलं. पुन्हा पाच!
कानाच्या पाळ्या तापल्या.
बाकावरची जुनी खरवड, कुणाचं तरी नाव, ते वाचत बसले.
शेजारची दीप्ती पुढच्या ओळीवर गेली होती
आणि तिच्या पेनाचा आवाज मला मुद्दाम केल्यासारखा वाटत होता.

मॅडम बोलल्या नाहीत.
खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या,
बराच वेळ.
ती पाठ त्यांनी माझ्यासाठी केली होती
हे मला फार उशिरा कळलं.

मग एक चिंचोका उचलून चार सुट्यांत टाकला.
पुडी झाली.
ती चार पुड्यांत ठेवली. पिशवी झाली.
टेबलावर सुटं काही नाही, पुडीही नाही,
एकच पिशवी
आणि तिच्या उजवीकडे दोन मोकळ्या जागा.

"आता छप्पन लिहा. आपलं छप्पन दुकानवालं."
दोन पिशव्या, एक पुडी, एक सुटा :
दोन-एक-एक.
जिथली शिकंजी पिऊन वाढले
तिथला पत्ता कुणी परक्या लिपीत विचारल्यासारखं झालं.

परतताना सिटी बसमध्ये
बाणगंगेच्या शाळेतला दुर्गेश आठवला, तिसरी ब.
एकशे पाच : १००५. माझी लाल फुली.
छप्पन : ६५. माझी लाल फुली.
खाली माझाच शेरा, ध्यान कहाँ है?

ध्यान होतं की त्याचं.
शंभर ऐकू आलं, शंभर लिहिलं, मग पाच लिहिला.
आणि छप्पनमध्ये सहा आधी येतो,
पन्नास मागाहून.
तेवीस वर्षं हा शब्द उच्चारतेय,
ऐकला त्यानं.

सोमवारी त्याच्यासमोर चिंचोके मांडले.
दहाची पुडी, दहा पुड्यांची पिशवी.
एकशे पाच : एक पिशवी इकडे, पाच सुटे तिकडे.
"बीच में क्या लिखोगे?"
तो मधल्या मोकळ्या फरशीकडे बघत राहिला.
उत्तर माझ्या दातांपर्यंत आलं होतं.
उठले, खिडकीशी गेले,
बाहेर कुणीतरी पायरी धूत होतं, ते बघत राहिले.

"मैडम, रूमाल?"

दर शनिवारी तो सरवटेहून देवासला जातो, मामाबरोबर.
मामा खिडकीतूनच सीटवर रुमाल टाकतो.
कोणी बसलेलं नसतं,
पण जागा असते,
आणि पुढचा माणूस सरकून तिथं येऊ शकत नाही.

मी काय बोलणार होते?
त्यानं शून्य काढलं, चौकोनी,
चारी कोपरे नीट ओढून घेतलेलं.

मग मी म्हटलं, दोनशे सात.
त्यानं आत्मविश्वासानं लिहिलं : २००७.

लाल पेनाला टोपण लावलं.
चिंचोके पुन्हा ओतले.
एक घरंगळत बाकाखाली गेला,
तो शोधायला आम्ही दोघंही वाकलो.